विक्रीला तुमची संमती होती काय, गजभिये?

तक्रारदार : अनंत गोविंद सावंत, राहणार वेम्बली, व्यवसाय अर्ज, निवेदने व अपिले लिहिणे.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार : मधुकर गजभिये, पूर्वी राहणार वेम्बली, सध्या कोठेही नाहीत.

घटनेचे ठिकाण व वेळ : एजवेअर येथील कम्युनिटी हॉल, गेल्या शनिवारची दुपार, तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम.

साक्षीदार : एक, तुमच्या पत्नी सुमनवहिनी. दोन, तुमची कन्या मनीषा. तीन, तुमच्या कंपनीच्या लंडन ऑफिसचे मुख्य, श्री. लार्स. याशिवाय हॉलमध्ये हजर असलेले सर्व, ज्यांचे लक्ष तोवर जेवणाच्या टेबलाकडे गेले होते.

तुमच्या नावाआधी मी 'कैलासवासी' लिहिले होते. वहिनींनी ते खोडायला लावले. म्हणाल्या, "कालकथित लिहा, भावजी. कैलासात त्यांचं कोणी ओळखीचं नव्हतं." मी दोन्ही खोडले. ज्या माणसाशी भांडण मिटलेले नाही, त्याच्या नावाला असली उपाधी जोडणे मला प्रशस्त वाटत नाही.

तक्रारीचे स्वरूप असे. वंदना झाली, दोन-तीन माणसे तुमच्याविषयी चांगले बोलली, आणि मग सदर लार्स उठले. काळा कोट, हातात कागद नाही. त्यांनी भर सभेत सांगितले की, आमच्या कंपनीत जो बदल येऊ घातला आहे त्याला मधुकरचा आधी विरोध होता, परंतु शेवटी हॉस्पिटलमध्ये त्याने तो बदल मनापासून स्वीकारला. 'मनापासून' हा शब्द त्यांनी छातीवर हात ठेवून उच्चारला.

बदल म्हणजे काय, हे त्या हॉलमध्ये कोणाला ठाऊक होते? मला होते. बदल म्हणजे ती कंपनी, जी एका आख्ख्या देशाच्या मालकीची आहे, तिचे तुकडे करून ते शेअरबाजारात मांडणे. अजून झालेले नाही, पण त्या देशात बोलणी चालू आहेत. आणि ज्या माणसाने दहा वर्षे माझ्या घरात बसून 'सार्वजनिक ते विकायचं नसतं' हे एकच वाक्य मला ऐकवले, तो माणूस शेवटी म्हणे मनापासून हो म्हणाला.

मी उभा राहिलो. "ऑब्जेक्शन," एवढे म्हणालोही. वहिनींनी माझा कोट मागून ओढला. "भावजी, खाली बसा. आज नको." मी बसलो. या देशात आल्यापासून मी कोणाच्या सांगण्यावरून खाली बसलेलो नाही. कौन्सिलच्या हिअरिंगमध्ये नाही, होम ऑफिसच्या काउंटरपुढे नाही. तुमच्या बायकोने मला बसवले. याचाही राग मी तुमच्याच खात्यावर लावतो आहे.

आता आपण मुळापासून येऊ.

आपली पहिली भेट ईलिंग रोडवरच्या दुकानात झाली. मागच्या बाजूला, तांदळाच्या पोत्यांशेजारी, माझे टेबल होते. तुम्ही भेंडी घ्यायला आला होता. ट्रेंट नदीकाठच्या सरकारी वीजकेंद्रातली इंजिनियरची नोकरी नुकतीच सोडून तुम्ही नॉटिंगहॅमहून लंडनला आला होता, कारण सरकारने वीज विकायला काढली होती आणि विकल्या गेलेल्या केंद्रात तुम्हाला काम करायचे नव्हते. हे मला नंतर कळले. त्या दिवशी मला फक्त एवढे दिसले की, भेंडीची पिशवी धरलेला एक काळासावळा उंच माणूस माझ्या टेबलापुढच्या रांगेकडे टक लावून बघतो आहे. रांग शेअरच्या अर्जांची होती. अर्ध्या ईलिंग रोडचे अर्ज मी भरून दिले. माझा स्वतःचाही.

"काय चाललंय, वकीलसाहेब?" तुम्ही विचारले.

"लोकांना विजेचे मालक करतोय," मी म्हणालो.

"मग कालपर्यंत ते कोण होते? भाडेकरू?"

रांगेतली माणसे हसली. मला राग आला. मी तुम्हाला बाजूला व्हायला सांगितले, कारण तुम्ही कामात व्यत्यय आणत होता. तुम्ही बाजूला झालात आणि तिथेच उभे राहिलात. रांग संपेपर्यंत. मग म्हणालात, "चहा घेणार?" आणि तेव्हापासून गेल्या महिन्यापर्यंत आपला चहा चालूच राहिला.

त्या शेअरबद्दल मी तेव्हाही दिलगीर नव्हतो, आजही नाही. भाव चढल्यावर मी ते विकले आणि पुढच्या खोलीत सोफा आणला. मरून रंगाचा, तिघांचा. तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा त्याच्याकडे बघून माझ्या बायकोला म्हणालात, "वहिनी, या सोफ्यात आमच्या केंद्राची एक चिमणी आहे बरं का. जपून बसा, काजळी लागेल." आणि स्वतः जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून बसलात. गजभिये, ही थट्टा एकदा केली असती तर मी हसलो असतो. तुम्ही ती दर रविवारी केलीत, एक शब्द न बोलता. आत यायचे, बूट काढायचे, सोफ्याला वळसा घालून खुर्ची ओढायची. खुर्चीच्या पायांचे ओरखडे लिनोलियमवर अजून आहेत.

मग तुम्हाला त्या लार्सच्या कंपनीत नोकरी लागली. मी तुमच्यासाठी अर्ज तयार केला होता. उत्तम अर्ज होता. तुम्ही वाचलात आणि परत दिलात. "यात मी तिसऱ्या पानावर जन्मतो, वकीलसाहेब. तोवर ते दुसऱ्या कुणाला घेतील." तुम्ही स्वतः अर्धे पान लिहिलेत आणि त्या अर्ध्या पानावर तुम्हाला घेतले. हा माझ्या व्यवसायाचा अपमान आहे असे मी तेव्हाही म्हणालो होतो.

कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही, देशाचेही नाही. लिहिले तर माझ्या या निवेदनाला उत्तर तुमच्याऐवजी त्यांच्या वकिलांकडून येईल. उत्तर समुद्रापलीकडचा एक नॉर्डिक देश, एवढे पुरे. तुम्ही मात्र त्याची कथा इतक्या वेळा सांगितलीत की माझ्या बायकोलाही ती पाठ झाली. मासे आणि लाकूड यांवर जगणारा देश. समुद्राच्या तळाशी तेल आणि गॅस सापडला. परदेशी कंपन्या जहाजे घेऊन आल्या. तेव्हा त्यांच्या पार्लमेंटने ठरवले की हे तळाशी आहे ते सगळ्यांचे आहे, आणि सगळ्यांच्या वतीने ते काढायला एक सरकारी कंपनी काढली. त्या कंपनीत कोणालाच काही येत नव्हते! इथे तुमचा आवाज चढायचा. "एकालाही येत नव्हतं, वकीलसाहेब. पोरं पाठवली त्यांनी. परक्यांच्या शेजारी बसा आणि शिका म्हणाले. आमचा लार्स त्यातलाच. आणि थोड्याच वर्षांत त्याच पोरांनी स्वतःचे प्लॅटफॉर्म चालवले, समुद्राच्या तळावरून इथपर्यंत पाइप आणला."

"लार्ससाहेब म्हणा," मी सांगायचो.

"तिथं साहेब नसतो. सफाईवाल्यापासून सगळे लार्सच म्हणतात."

"आणि त्याला चालतं?"

"त्याला मी साहेब म्हटलं तर तो मागं वळून बघतो, कोण आलं म्हणून."

मला ते पटत नव्हते. ज्याला हुद्द्याने हाक मारता येत नाही त्याच्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची? आज तीच अडचण मला आली आहे. लार्स म्हणजे कोण? मित्र की मालक? पुण्यानुमोदनाला आला तो कोणत्या नात्याने आला?

तुमचे काम मला उशिरा समजले. उद्या ब्रिटनला किती गॅस लागेल याचा आज अंदाज करायचा आणि पलीकडे कळवायचे. तुम्ही माझ्या घराची खिडकी उघडून हात बाहेर काढायचात, थोडा वेळ तसाच ठेवायचात. माझी बायको ओरडायची, "अहो, हीटिंग चालू आहे!" तुम्ही म्हणायचात, "तेच तर बघतोय वहिनी. उद्या सगळ्यांचंच जास्त चालणार." टीव्हीवर मालिकेत जाहिरात लागली की बोट वर करून सांगायचात, "आत्ता आख्ख्या देशानं चहाला विजेची किटली लावली. माझे जुने दोस्त तिकडे ट्रेंटकाठी धावत असतील." मला ते आवडत असे. हे तुम्हाला मी कधी सांगितले नाही. तुम्ही खिडकीत उभे असताना मला वाटायचे की या परक्या देशातल्या सगळ्या बंद घरांशी आपल्यापैकी एकाची तरी ओळख आहे.

परंतु मी येथे आभार मानायला बसलेलो नाही.

तुमच्या कंपनीच्या थोरवीचा मी एकदाच जाहीर पंचनामा केला, आणि तो मोटरवेवर. आपण नॉटिंगहॅमला गेलो होतो, तुमच्या जुन्या शेजाऱ्याला, रॉनला भेटायला. खाणकामगार माणूस. संपाच्या त्या लांबलेल्या काळात तुम्ही त्याच्या घरी डाळ-तांदूळ पोहोचवलेत, आणि तो ती डाळ सूप समजून प्यायला, हे तुम्हीच मला सांगितले होते. आता वीजकेंद्रे कोळसा सोडून गॅसवर गेली होती आणि त्याची खाण बंद झाली होती. क्लबात त्याने तुमच्यासाठी ग्लास आणून ठेवला, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी सहज म्हणाला, "संपानं नाही संपलो आम्ही, मधू. तुझ्या गॅसनं संपवलं."

तुम्ही ग्लास अर्धा ठेवून उठलात.

परतताना मी तुम्हाला सोडले नाही. म्हणालो, कुठे गेली तुमची ती सगळ्यांची कंपनी? सगळ्यांची म्हणजे कोणाची? तिकडच्यांची पोटे भरली आणि इकडचा रॉन घरी बसला. शेवटी तीही एक विकणारीच. तुम्ही गाडी चालवत होता. लेन बदलत म्हणालात, "त्यांनी त्यांच्या गॅसचं काय केलं ते बघा, आणि इथल्यांनी आपल्या कोळशाचं काय केलं ते बघा. मग ठरवा राग कुणावर काढायचा. सोफ्यावर बसून ठरवा हवं तर."

त्यावर मी चिडून जे विचारले ते विचारायचे नव्हते असे माझी बायको म्हणते. मी म्हणालो, "पण तुमचा काय संबंध? तुम्ही त्या देशाचे नागरिक नाही. त्यांच्या त्या 'सगळ्यांत' तुम्ही येत नाही. कशाला त्यांच्या मालकीचा एवढा अभिमान?"

तुम्ही मोटरवेवरच्या थांब्यात, सर्व्हिसमध्ये गाडी वळवलीत. थांबवलीत. आणि मला तुमच्या गावच्या खांबाची गोष्ट सांगितलीत. सरकारी विजेची लाइन हायवेकडून आली, आणि हायवेच्या अंगाला तुमची वस्ती होती, म्हणून गावात पहिला दिवा लागला तो तुमच्या वस्तीच्या तोंडाशी. गावातली मुले परीक्षेच्या दिवसांत पुस्तके घेऊन तिथे यायची. ज्यांच्या ओट्यावर तुम्हाला चढता येत नव्हते ती तुमच्या दिव्याखाली, तुमच्या शेजारी, मांडी घालून बसायची.

"तो खांब कुण्या सावकाराचा असता तर कुठं रोवला असता, सांगा," तुम्ही म्हणालात. "माझ्या नावानं तो आला नव्हता. पण सगळ्यांसाठी म्हणून जे येतं ना, त्यात चुकून का होईना, मी सापडतो. विकलं की मोजून देतात. मग मी नाही सापडत."

मी गप्प बसलो. ती गोष्ट खरी होती म्हणून नव्हे. तुमचा आवाज कापला म्हणून. युक्तिवाद अपूर्ण राहिला. माझ्याकडे उत्तर होते आणि आहे. ते मी पुढच्या रविवारी देणार होतो. पण पुढच्या रविवारी तुम्ही मुळ्याची भाजी घेऊन आलात.

मग तिकडून शेअरबाजाराची बातमी आली. ऑफिसात सगळ्यांना गोलाकार बसवले, कॉफी आणि दालचिनीचे बन दिले, आणि ज्याला जे वाटते ते त्याने बोलावे असे सांगितले. त्यांची पद्धतच तशी. तुम्ही उठून म्हणालात, "ज्या मालकानं मला कामावर ठेवलं त्या मालकालाच तुम्ही विकताय." सगळ्यांनी ऐकले. लार्सने ते भिंतीवरच्या मोठ्या कागदावर लिहून घेतले. आभार मानले. पुढचा विषय घेतला.

तुम्ही आनंदाने माझ्याकडे आलात. "ऐकलं हो त्यांनी! शब्दन् शब्द."

"ऐकलं. मग केलं काय?"

"ऐकणं म्हणजे पण काहीतरी करणंच असतं."

"लेखी उत्तर आल्याशिवाय काहीही झालेलं नसतं," मी म्हणालो आणि कागद पुढे ओढला. तुमच्या नावाने निवेदन तयार करतो म्हणालो, थेट त्यांच्या मंत्र्याला. शेवटी माझे नेहमीचे वाक्य, ज्यावर माझे अर्ज आजवर उभे आहेत : मुदतीत उत्तर न आल्यास आपणास वरील सर्व मान्य आहे असे समजण्यात येईल. तुम्ही ते वाक्य वाचून नेहमीसारखे हसलात.

"माणूस उत्तर देत नाही त्याला हजार कारणं असतात, वकीलसाहेब. पोस्ट चुकतं. घरात कुणी आजारी असतं. कुणी नुसता विचार करत बसलेला असतो. तुम्ही सगळ्यांना होकारात ढकलता."

आणि निवेदन पाठवायला मनाई केलीत. "माझं म्हणणं मी तोंडानं मांडलंय. तेवढं बास."

बास झाले नाही, गजभिये. तोंडाने मांडलेले तोंडानेच बदलले गेले. म्हणून मी संतापलो आहे. कागदावर तुमचा विरोध असता तर लार्सची छातीवर हात ठेवायची हिंमत झाली नसती.

शनिवारी जेवणे आटोपल्यावर मी त्यांना कोट घालताना गाठले. विचारले, तो नेमके काय म्हणाला? लार्स ओशाळले नाहीत, टाळाटाळही केली नाही. वाईट माणूस नाही तो, आणि हेच मला जास्त झोंबते. म्हणाले, "मी त्याला सांगितलं की बहुतेक पार्लमेंट हो म्हणेल. तो म्हणाला, देशाचं आहे, देशाला विकायचं तर देश विकेल. मग तो हसला. मला फार हलकं वाटलं."

तुम्ही हसलात म्हणून त्यांना हलके वाटले.

मग मी मनीषाला बाजूला घेतले. ती तेव्हा खाटेजवळ होती. ती म्हणाली, "हो काका, डॅड तसं बोलला. 'इट्स देअर्स टू सेल.' मी तिथेच होती. पण हसला की नाही, आय डोन्ट नो. त्याला खोकला पण खूप होता ना. लार्स गेल्यावर तो विंडोकडे बघत होता. मी विचारला, डॅड, आर यू ओके? तो म्हणाला, आज बाहेर किती थंड आहे, हात काढून बघ."

"मग?"

"विंडो उघडत नाही काका तिथली. हॉस्पिटल आहे."

मी वहिनींकडे गेलो. त्या टेबलावरचे पेपरचे ग्लास एकात एक घालत होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला ते जिंकलेले हवेत, लार्सला ते राजी झालेले हवेत. दोघांनाही ते खाटेवर पडलेले चालत नाहीत." आणि ग्लास घेऊन आत गेल्या. नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाईशी वाद घालू नये एवढे मला कळते.

परंतु तुम्हाला विचारल्याशिवाय मी राहणार नाही. 'देशाचे आहे, देश विकेल' याचा अर्थ काय? तुम्ही शरण गेलात? की सगळ्यांचे म्हटले की ते विकायचा अधिकारही सगळ्यांचाच, इतके सरळ तुमचे तत्त्व होते आणि मला ते दहा वर्षांत कळले नाही? की आलेल्या पाहुण्याला अवघड वाटू नये म्हणून बोललात? तुम्ही तसे करायचात. रॉनपुढेही गप्प बसलात.

आणि सोफा. शेवटचे आलात तेव्हा बूट काढायला मी मदत केली. खुर्ची ओढून मी तयार ठेवली होती. तुम्ही तिच्याकडे बघितले नाही. सरळ जाऊन सोफ्यावर बसलात, मग कलंडलात, आणि डोळे मिटलेत. बायकोने पांघरूण घातले. तुमची जिरली असे मला वाटायला हवे होते. इतकी वर्षे मी त्या क्षणाची वाट बघत होतो. तो क्षण आला आणि मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. तुम्ही दमला होता की हरला होता, हे मी तेव्हा विचारले नाही. लार्स यांनी तुम्हाला हसताना पाहिले आणि आपल्या सोयीचे समजून घेतले. मी तुम्हाला सोफ्यावर पाहिले. मी काय समजायचे होते?

सबब, विनंती अशी की :

आपण विक्रीला संमती दिली होती काय, याचे उत्तर हो किंवा नाही असे द्यावे. नाही असल्यास, सदर लार्स यांच्या विधानाची दुरुस्ती मागण्याचा अधिकार मला द्यावा. निवेदन तयार आहे आणि यावेळी ते अर्ध्या पानाचे आहे. हो असल्यास, ज्या वादात मी दहा वर्षे दुसरी बाजू सांभाळली त्याचा निकाल मला न सांगता परस्पर एका परक्याला का सांगितलात, याचा खुलासा करावा.

उत्तर कोणत्याही मार्गाने चालेल. खुर्ची होती तेथेच आहे. रविवारी खिडकी मी थोडी उघडी ठेवतो. बायको हल्ली ओरडत नाही.

मुदतीचे वाक्य या निवेदनात घातलेले नाही. उत्तर आले नाही तरी आपणास काहीही मान्य आहे असे मी समजणार नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत,

अ. गो. सावंत
वेम्बली